निरोगी नमुना

अध्यक्ष महोदया, संस्थेचे संचालक, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, प्रयोगशाळेतली लहानथोर मंडळी, लांबून आलेली कुटुंबं आणि मित्रहो,

सत्कारमूर्तीच्या नवऱ्याने भाषण करू नये, असा संकेत आहे म्हणे. संचालकांनीच तो मोडायला लावला, त्याला मी काय करणार? 'पाच मिनिटं घ्या' म्हणालेत. मी भूगोलाचा मास्तर. पाच मिनिटांत माझी हजेरीसुद्धा संपत नसे. असो.

हिच्या संशोधनाबद्दल आधीचे वक्ते भरभरून बोलले. मला कळलं ते एवढंच: आपल्या पेशींमध्ये सफाईचे बारीक कोपरे असतात, त्यांना लायसोसोम म्हणतात. तिथली एन्झाइम्स कचरा मोडून काढतात. एखादं एन्झाइम जन्मतःच नसलं तर कचरा साठत जातो, आणि चांगलं चालतंबोलतं मूल हळूहळू चालायचं, बोलायचं विसरतं. कचरा का साठतो या प्रश्नाला हिने उभं आयुष्य दिलं. आमच्या माळ्यावर मात्र तो प्रश्न तसाच पडून आहे. हसू नका, मला हिच्याबरोबरच घरी जायचंय.

आता माझं योगदान. रक्त! आजारी मुलाच्या रक्ताशेजारी एका धडधाकट माणसाचं रक्त तपासायचं, म्हणजे ताडून बघता येतं, अशी यांची पद्धत. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात हिने माझी बाही वर सारली. मला वाटलं, प्रेम. तेव्हापासून मी या प्रयोगशाळेचा निरोगी नमुना. आपण नॉर्मल आहोत याचा बायकोच्या सहीचा पुरावा या सभागृहातल्या किती नवऱ्यांकडे आहे, सांगा बरं?

पण एकदा, हे 'नॉर्मल'पण फार कामी आलं.

दूरच्या एका गावातून एका तान्ह्या मुलीचं रक्त आलं होतं. तिचा थोरला भाऊ याच आजाराने गेलेला. तिचं एन्झाइम जवळपास शून्य निघालं. हिचा सहायक रिपोर्ट पाठवायला निघाला, तर ही म्हणाली, "थांब. या रक्ताबरोबर निरोगी नमुना आलाय का तिकडून?" नव्हता आला. शेजारी ठेवलेलं रक्त माझं होतं, पण ते इथेच, दोन खोल्या पलीकडे काढलेलं. त्याने प्रवास कुठे केला होता?

त्या संध्याकाळी घरी येऊन मला म्हणते, "अहो, उद्या जरा जाऊन याल का?" 'जरा' म्हणजे दिवसभराची बस! गेलो. त्या दवाखान्यात मुलीचं पुन्हा रक्त काढलं, त्याच खुर्चीत बसून माझंही. तिची आई समोर उभी होती. मला म्हणाली, "दादा, तुमचंही कुणी आजारी आहे का हो?" नाही म्हणालो आणि बाही खाली ओढली. दोन्ही नळ्या एकाच खोक्यात, नेहमीच्याच पार्सलच्या गाडीने रवाना झाल्या.

दोन दिवसांनी ही धावतच घरी आली. डोळ्यांत पाणी, आणि हसतेय. म्हणाली, "अहो, तुम्ही आजारी आहात! तुमचंही शून्य!" नवऱ्याच्या दुखण्याची बातमी इतक्या आनंदाने दिलेली मी तरी दुसरी ऐकली नाही. जो आजार लहानपणीच गाठतो, तो या टक्कल पडलेल्या, दोनदा वाढून घेणाऱ्या गृहस्थाला कुठून होणार? गाडी दुपारभर उन्हात उभी राहत होती. खोक्यातला बर्फ वितळत होता आणि रक्तातली एन्झाइम्स वाटेतच मरत होती.

पण तेवढ्यावर ही निर्धास्त झाली नाही. "रक्त खराब झालं एवढंच कळलं. मुलगी बरी आहे, हे कुठे कळलंय?" असं म्हणून तिने आईबापांना बाळासकट इथे बोलावून घेतलं. ताजं रक्त काढलं, पुन्हा माझंही. निकाल येईपर्यंत ती आई बाहेरच्या बाकावर बसून होती. ही दार उघडून आली, बाळाला तिच्या मांडीवरून उचलून घेतलं आणि म्हणाली, "घेऊन जा, अगदी निरोगी आहे." ती माउली जी रडायला लागली, की बाळही घाबरून भोकाड पसरून रडायला लागलं. मीही रडलो. लपवायचं कशाला?

त्यानंतर दूरच्या प्रत्येक खोक्यात तिथल्याच एखाद्या धडधाकट माणसाची नळी येऊ लागली. थोरल्या भावासाठी मात्र काहीच करता आलं नाही, हे हिला आजही सलतं. ते मी रोज बघतो.

असो. माझं आता वय झालं, औषधांच्या गोळ्या सुरू झाल्या, तेव्हा प्रयोगशाळेने मला कालच रजा दिली. माझ्या जागी कोण, म्हणून चौकशी केली. तिसऱ्या रांगेत निळ्या ओढणीतली मुलगी बसली आहे ना, ती. त्या दूरच्या गावातून शिकायला याच शहरात आली आहे आणि आपण होऊन हात पुढे केलाय. बाळा, जरा उभी राहा. तुझ्या आईलाही उठव. हिला नीट बघू दे.

संयोजकांचे आणि आपल्या सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. कालपासून नॉर्मल असण्याची जबाबदारी माझ्यावर नाही. ती आता त्या मुलीची आहे.