जॉन्सनव्हिलचा भूकंप

अरे, वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल उपनगरात असताना मला घरी बिअर करायची भारी हौस होती. एकदा बाटल्या भरताना साखर जरा जास्तच पडली, म्हणजे आत गॅसही जास्त. त्यात पुण्याहून आमचे कडक सासरे राहायला आले, म्हणून मी सगळ्या बाटल्या गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात लपवल्या.

दुपारी जेवताना कपाटात धाडधाड आवाज सुरू झाले.

"भूकंप!" मी ओरडलो आणि सासऱ्यांना टेबलाखाली ओढलं. वेलिंग्टनमध्ये भूकंप नेहमीचेच, त्यामुळे हे खपून जातं.

आवाज थांबले, पण कपाटाच्या दाराखालून फेस वाहत आमच्यापर्यंत आला. सासऱ्यांनी खोल श्वास घेऊन वास घेतला. माझी पाचावर धारण बसली.

"जावईबापू," ते शांतपणे म्हणाले, "जरा बघून या. ढिगाऱ्याखाली कोणी जिवंत असेल, तर दोन ग्लासही आणा."