आज उभं राहू नका

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. भर हंगामात बागेतली कामं टाकून तुम्ही आमच्या सुलूमावशीसाठी आलात. मला चार माणसांसमोर बोलायची सवय नाही. कागद आणलाय, तरी अडखळले तर सांभाळून घ्या.

सुलूमावशी माझ्या आईची धाकटी बहीण. शाळेत जायच्या आधी अक्षरं मला तिनेच शिकवली, घरी, ओटीवर. पहिला धडा मात्र अक्षराचा नव्हता. "अगो, आधी नीट बस. उभ्याने काढलेलं अक्षर वाकडं येतं."

तीच मावशी गेले काही हंगाम कातळावरच्या त्या पत्र्याच्या गोदामात उभी होती. मुंबई-पुण्याची माणसं इंटरनेटवर आंबा मागवतात, तो तिथून जातो. आज मागवा, उद्या घरी. खोक्यात पेंढा घालायचा, आंबा लावायचा, खोका बंद करायचा, पुढचा घ्यायचा. सकाळपासून उभ्याने. वर पत्रा तापलेला. पाणी प्यायला वळलं तरी "कुठे चाललात?" गोदामात स्टूल एकच, ते सुपरवायझरचं.

काम तिला आवडायचं, हेही सांगायला हवं. ठाण्याच्या कुणा बाईंनी कम्प्युटरवर लिहिलं, आंबे अगदी लेकरासारखे गुंडाळलेत. ते ऐकून मावशी कितीतरी दिवस खुशीत होती. "बघ गो, मला ओळखत नाही, पण माझा हात ओळखला!"

त्या दिवशी मी तिथे नव्हते. शेजारी काम करणाऱ्या बायकांनी सांगितलं ते सांगते. दुपारी तिने सुपरवायझरला विचारलं, "जरा बसू काय?"

"बसलं की हात मंदावतो, मावशी."

ती हसली. म्हणाली, "आंब्याला अढीत निजवता, नि आम्हाला उभ्याने पिकवता होय?"

सगळ्या बायका हसल्या. मग खोका बंद करता करता ती कोसळली. पुन्हा उठली नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. ते उभं राहिल्यामुळेच, असं मी म्हणणार नाही. मला ते ठाऊक नाही, आणि खोटा पडेल असा एकही शब्द मला तिच्या नावावर नको. ठाऊक आहे ते इतकंच. तिने बसायला विचारलं होतं.

तात्या, आत्ता तुम्ही म्हणालात, त्या कंपनीचा एक आंबाही कुणी घेऊ नये. मलाही पहिल्यांदा तेच वाटलं होतं. पण काल मी त्या बायकांना भेटले. एक म्हणाली, "बाय, बहिष्कार टाकून तुम्ही घरी जाल. आम्ही कुठे जायचं?" दुसरी तिला म्हणाली, "गप गो. टाकू देत. आम्हाला बसवलं की उठवा म्हणावं बहिष्कार." त्यावर मात्र सगळ्या "हो" म्हणाल्या.

म्हणून माझी विनंती तेवढीच आहे. मुंबईच्या, पुण्याच्या आपल्या माणसांना कळवा. त्या बायकांना बसायला मिळेपर्यंत खोका मागवू नका. आणि का मागवत नाही, तेही कंपनीला लिहा. नाहीतर मालक म्हणेल, यंदा आंब्याला उठाव नाही.

तरी मला भीती वाटते. उद्या त्या बायकांनाच कामावरून काढलं तर? तात्या, तेव्हा आपण कुठे असू? तेव्हाही असेच जमू का? हे मी मुद्दाम सगळ्यांसमोर विचारतेय.

त्या आल्या आहेत. मागे, दाराशी. त्यांची नावं मी घेणार नाही. इतक्या खुर्च्या रिकाम्या आहेत, तरी त्या मघापासून उभ्याच आहेत.

मावश्यांनो, या ना पुढे. बसा. इथे कुणी काही म्हणणार नाही.

एरवी आपण उभं राहून शांतता पाळतो. आज कृपा करून कुणी उभं राहू नका. त्या बसेपर्यंत थांबूया, आणि मग सगळे बसूनच दोन मिनिटं गप्प राहूया.

मावशी, सगळे नीट बसलोय गो.