चौथ्या गाण्यानंतर

अठ्ठावीस डिसेंबर एकोणीसशे शहाऐंशी, रविवार, सकाळचे दहा. हिंगणघाट, बसस्टँडामागची माझी खोली. हजर दोघे, भैय्याजी आणि मी — अशी लिहितो मी बातमी, पहिल्या ओळीत सगळं सांगून मोकळा. आणि तुम्ही? आल्या आल्या, चपला न काढता, ‘मधुकरराव, माझी कॅसेट द्या.’ बसा आधी. त्या खुर्चीवर नका, तिचा पाय मोडका आहे, पलंगावर बसा.

महिन्यापूर्वी कसे आला होता, आठवतं? ‘सरत्या वर्षातली माझी दहा आवडती गाणी’ — लेख हातात, कॅसेट खिशात, ‘ऐकून बघा, आणि आपल्या साप्ताहिकात छापा.’ ऐकलं. बँकेच्या काउंटरवर लोकांना ताटकळत ठेवणारा माणूस घरी जाऊन गाण्यांना नंबर लावतो — लावा बापडे. पण पहिल्या नंबरला ते डिस्कोचं गाणं? शब्द चार, तेही फिरून फिरून तेच, आणि मागे कोणी डबे बडवून राह्यला असा बाजा! तिसऱ्याला गजल. ‘काळजाला हात घालणारी’ म्हणे. तुमच्या काळजाला? कर्जाला आलेल्या माणसाला चार खेपा मारायला लावता तेव्हा कुठे असतं ते काळीज? — हसू नका, मी चेष्टा करत नाही. तीस वर्षं बातम्या लिहितो आहे मी, इतकं पोकळ लिखाण आमच्या पुढाऱ्यांच्या भाषणातही नसतं. एकच वाक्य खरं लिहिलंत. चौथ्या गाण्याबद्दल. ‘हे गाणं संपल्यावर कानात काहीतरी उरतं.’

काय उरतं, भैय्याजी? — नाही, सूर नाही. तुम्ही ऐकलंच नाही. गाणं संपलं की पाचवं सुरू होईपर्यंत तुम्ही पाणी प्यायला उठत असाल. गाणी भरून देणाऱ्या दुकानदारानं चौथं गाणं भरलं, टेप थांबवली, जराशी पुढे ढकलली आणि मग पाचवं भरलं. मधली वीतभर फीत पुसायची राहून गेली. तिथं एक बाई बोलते. बारीक आवाजात, घसा जळालेला. ‘दार बाहेरून लावलं व्हतं, भाऊ.’ बस. इतकंच. मग तुमचं पाचवं गाणं धाडकन येऊन पडतं तिच्यावर.

तो भाऊ म्हणजे मी. ती नलू. वडनेरच्या देवकाबाईची पोरगी, लग्न होऊन दोन उन्हाळे झाले नव्हते. सासरचे म्हणाले, स्टोव्हचा भडका उडाला. दवाखान्यात मी गेलो तर ती बोलत होती — हळू, पण शुद्धीवर, सगळं सांगत होती — आणि माझ्याकडे टेपरेकॉर्डर होता. दुसऱ्या दिवशी ती गेली. मी ती कॅसेट पोलीस ठाण्यात नेऊन जमा केली, पोच घेतली, आणि पोळ्यानंतर त्यांनी मला बोलावून ऐकवली — काय ऐकवलं? खरखर! कोरी! मी म्हटलं, ही माझी नाहीच. तर जमादार टेबलावर पाय हलवत म्हणतो, ‘कॅसेटले काय थोबाड असते का, मधुकरराव, ओळखाले?’ आणि फाइल बंद. स्टोव्ह.

असतं थोबाड. पाठीला दोन कोपऱ्यांत प्लास्टिकच्या दोन टिकल्या असतात, त्या मोडल्या की त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. मी मोडल्या होत्या, पेनाच्या टोकानं, दवाखान्याच्या पायरीवर बसून. ठाण्यातल्या त्या कोऱ्या कॅसेटच्या टिकल्या शाबूत होत्या. आणि तुमच्या कॅसेटच्या? मोडलेल्या. त्या भोकांवर चिकटपट्टी लावलेली आहे, म्हणजे पुन्हा वरून भरता येतं. नीट कापून, कडा दाबून. अशी पट्टी आपोआप लागते का? चुकून लागते का?

तुम्ही म्हणाल, आवाज तर मिळाला ना, मग घरी ठेवून काय करता. सांगतो काय करतो. बाजाराच्या दिवशी देवकाबाई येते. वडनेरहून एसटीनं, वांग्यांची टोपली घेऊन, आधी बाजार नाही, आधी इथं. जिथं तुम्ही बसलात तिथं बसते. पहिल्यांदा मी तिच्यासाठी टेप पळवून नेमकी जागा लावली, तर रागावली माझ्यावर. ‘गानं पहिलेपासून लाव, भाऊ. एकदम नोको. गानं सुरू झालं का मले समजते, आता नलू येते.’ म्हणून मग पूर्ण गाणं. तो तुमचा चौथा नंबर, तो धुडगूस, म्हातारी डोळे मिटून ऐकते. मागल्या खेपेला तिचा अंगठा ठेका धरत होता. तिच्या ध्यानात आलं आणि तिनं पाय लुगड्यात ओढून घेतला. — मी दुसरीकडे पाहिलं.

हे मी तुम्हाला कशाला सांगतो आहे? ती येते, कधी येते, कॅसेट या खोलीत असते — छे.

बरं, ही घ्या. घ्या की! नवी कॅसेट, तुमच्या त्या जुनीपेक्षा चांगली. तुमचीच दहा गाणी, त्याच क्रमानं, त्याच दुकानातून भरून आणली काल. लावून बघा हवं तर. गाणीच पाहिजेत ना तुम्हाला? — नको? — ‘तीच पाहिजे’? का? गाणारे तेच, गाणी तीच, नंबर तेच. वर्षभराची आवड एका मिनिटात उतरली? दुकानदार म्हणाला, जुनी कॅसेट गिऱ्हाइकानंच आणली होती, म्हणजे तुम्ही. तुम्हाला कोणी दिली? — मोठ्यानं बोला. — मेव्हण्यानं. काय करतात मेव्हणे? — खाली काय पाहता, भैय्याजी, चपला कुठे जात नाहीत. जमादार आहेत, माहीत आहे मला. कोणत्या ठाण्यात तेही माहीत आहे. आज सकाळी त्यांनीच पाठवलं ना?

उठा. चहा मी विचारणार नाही. कॅसेट इथं नाही, कालच नागपूरला वकिलाकडे पोचली, तेव्हा खोलीचं कुलूप तोडायची तसदी घेऊ नका म्हणावं. आणि हो, लेख छापतो तुमचा! या शुक्रवारी, दहाही गाणी, तुमच्या नावासकट, ‘काळजाला हात’सुद्धा तसाच. फक्त चौथ्या गाण्याखाली एक ओळ माझी जाईल: जळून मेलेल्या नलूचा आवाज या गाण्यानंतर आहे; ठाण्यात जमा केलेल्या तिच्या कॅसेटच्या मोडक्या टिकल्यांवर चिकटपट्टी कोणी लावली, हे अद्याप कोणीही सांगितलेलं नाही.