मागच्या गाडीतला माणूस

(अमेरिकेतलं बॉथेल. संध्याकाळचं ऊन. ड्राइव्हवेत मोटरहोम, मागे छोटी निळी कार. दोन्हींच्या मध्ये उकिडवे बसलेले सुभाष. शेजारी मुलगी संघमित्रा आणि जावई अतुल.)

सुभाष : नाही म्हणजे नाही, अतुलराव. मी घरी राहतो, तुम्ही दोघं फिरून या.

अतुल : बाबा, तुमच्यासाठीच तर मोटरहोम घेतलं! बेड, किचन, सगळं आहे आत.

सुभाष : घरबस फक्कड आहे. माझं भांडण मागे टोचन करून नेणार आहात त्या कारशी आहे.

संघमित्रा : मोटरहोम सगळीकडे आत जात नाही ना बाबा. पोचल्यावर फिरायला कार लागतेच.

सुभाष : मग न्या की. पण नीट न्या. बत्तीस वर्षं एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होतो. बंद पडलेल्या किती बस टोचन करून आणल्या, हिशेब नाही. हा दांडा कोणी निवडला?

अतुल : टो-बार? मी. स्प्रेडशीट केली. रेटिंग पाच हजार पाउंड, आपली कार छत्तीसशे.

सुभाष : वजनाला बरोबर. आता टेप धरा. घरबसचा हुक... एकवीस इंच. कारचा तेरा. दांडा असा उतरता राहिला, तर जोरात ब्रेक मारल्यावर कार नाक खुपसून खाली शिरायला पाहील. दांडा सपाट पाहिजे.

अतुल : मध्ये जोड लावता येतो. हे स्प्रेडशीटमध्ये नव्हतं.

सुभाष : स्प्रेडशीट खाली वाकून पाहत नाही, जावईबापू. ब्रेकचं काय?

अतुल : दुकानवाला म्हणाला, मोटरहोमचे ब्रेक मोठे आहेत, कारला वेगळे नकोत.

सुभाष : तो दुकानात राहणार. उतारावर तुम्ही असणार.

संघमित्रा : मी हेच सांगत होते, यार! बाबा, दोन ऑप्शन आहेत. एक बॉक्स मिळतो. कारच्या ड्रायव्हर सीटसमोर ठेवायचा, तो ब्रेकचं पेडल दाबतो. दुसरी सिस्टम कारमध्ये कायमची फिट करतात. मोटरहोमचा ब्रेक दाबला की कारचाही तेवढाच लागतो. महाग आहे.

अतुल : बॉक्स बरा. टोचन करताना मागच्या बसमध्ये माणूस बसवायचे ना, बाबा? तेच काम.

सुभाष : मीच बसायचो. इंजिन बंद, पायाचा ब्रेक लागत नाही, म्हणून हँडब्रेकवर हात. पुढचा हळू झाला की ओढायचा.

संघमित्रा : मग बॉक्समध्ये प्रॉब्लेम काय?

सुभाष : माणसाला झोप लागते, बेटा.

संघमित्रा : म्हणजे?

सुभाष : तू जन्मायच्या आदल्या वर्षी. चिखलदऱ्याचा घाट, भर दुपार. सलग दोन ड्युट्या झाल्या होत्या. उतारावर मला डुलकी लागली. डोळे उघडले तोवर माझी बस ओढणाऱ्या पुढच्या व्हॅनवर चढलेली. व्हॅनच्या शेंडे ड्रायव्हरचा पाय कायमचा अधू झाला. चौकशीत मी सांगितलं, हँडब्रेक निकामी होता. सगळ्यांनी मानलं. शेंडेनंही.

संघमित्रा : आईला माहीत होतं?

सुभाष : तिलाही नाही सांगितलं. शेंडे दरवर्षी दीक्षाभूमीवर भेटतो. काठी टेकत येतो, म्हणतो, "सुभाष, तू वाचलास हे बरं झालं." फार लाज वाटते मला.

अतुल : बाबा, चहा आणू?

सुभाष : आधी काम. बॉक्स नको. रोज काढा, रोज ठेवा. एखाद्या दिवशी घाईत राहून जाईल. ती दुसरी, कायमची सिस्टमच बसवा. अन् दांडाच सुटला तर?

अतुल : एक केबल असते. कार सुटली की ती ओढली जाते आणि कारचा ब्रेक आपोआप लागतो.

सुभाष : शाबास. मागचा ब्रेक लागतोय का, हे पुढच्याला कसं कळणार?

संघमित्रा : डॅशबोर्डवर दिवा असतो.

सुभाष : मग हीच घ्या. मागचा जागा आहे, हे पुढच्याला दिसलं पाहिजे.

अतुल : डन. सोमवारची अपॉइंटमेंट घेतो.

संघमित्रा : पण ड्राइव्ह करताना मी रस्ता बघू की दिवा? अतुल तर पहिल्या वळणालाच घोरायला लागतो.

सुभाष : दिव्यासाठी माणूस लागेल.

संघमित्रा : लागेलच.

सुभाष : बरं. तुझ्या शेजारची सीट माझी. पुढची.

संघमित्रा : खरंच येताय, बाबा?

सुभाष : येतो. नागपुरात किती वाजले असतील आता?

संघमित्रा : सकाळचे आठ.

सुभाष : मग फोन लावून दे. शेंडे उठला असेल.