डोंगरावरचं तळं कुणी भरलं

डोंगरावरची तळी पावसाने भरतात, असं तुम्ही म्हणता. बरं, चहा घेता घेता ऐका.

गिरणीला सुट्टी होती. ऐन वैशाखात आम्ही पाच साचेवाले, म्हणजे मागावरचे कामगार, बार्शीकडच्या डोंगरावरची तळी बघायला निघालो. आमच्यातला मल्लाप्पा पाण्याची कळशी उचलायला लागला, तेव्हा मीच त्याला हसलो. "अरे, तळ्याला निघालोय की! तितं पाणी न्हाय तर काय असतंय?"

कळशी घरी राहिली. बरोबर फक्त कडक भाकरी आणि शेंगाचटणी.

वर पोचलो तर पहिलं तळं कोरडं, दुसरंही कोरडं. तिसऱ्याच्या तळाशी डबकंभर पाणी, आणि काठावर मेंढरं राखत बसलेली एक म्हातारी. मल्लाप्पाच्या घशात भाकरी अडकलेली. तो नुसता माझ्याकडे बघत होता.

"आजी, घोटभर पाणी द्या," मी म्हणालो.

"प्या की. पर उन्हाळ्यात हितं येनारा मेंढरांसाठी एकेक घागर वर आनतो. तुमच्या घागरी कुटं हायत?"

मल्लाप्पाने माझ्याकडे बोट दाखवलं.

"मंजी मेंढरांचं पाणी प्यायला आलासा व्हय?"

तिनं आम्हाला पोटभर पाजलं आणि झाडाखालच्या पाच रिकाम्या घागरी दाखवल्या. विहीर डोंगराच्या पायथ्याशी होती. भरली घागर खांद्यावर घेऊन पुन्हा चढताना मल्लाप्पा एकच वाक्य बोलला, "तळ्याला निघालोय की!" आणि ते प्रत्येक वळणावर बोलला.

पाचही घागरी आम्ही तळ्यात ओतल्या. त्या पावसाळ्यात ते तळं काठोकाठ भरलं म्हणे. लोक पावसाचं नाव घेतात. आम्ही पाचजण गुडघे चोळतो, बोलत नाही.