गुंजेच्या डोळ्यांचा मासा

बाई, तुमी बसा, मी बसणार नाय, मी अशीच फिरत फिरत सांगते. हाताला काय तरी चाळा असला म्हंजे माझं तोंड चालतं, नुसतं बसवलंत तर मला धड नावपण सांगता यायचं नाय. नाव जानकी. आमचं मूळ सूर्यमाळच्या खालच्या पाड्यावरचं, पण माझा जन्म जव्हारचा, घोड्यांच्या पागेच्या मागल्या अंगाला मोतद्दारांच्या खोपटांची रांग व्हती, तिथला. माझा बा लखमा, संस्थानात मोतद्दार. म्हंजे घोड्याला पाणी दाखवायचं, खरारा करायचा, लीद काढायची, कुणी पाव्हणा फिरायला निघाला की घोड्यासंगं आपण पायी पळायचं. आय सांगायची, लग्न झालं तवा हा माणूस नांगर सोडून घोड्यांच्या मागं गेला, आन् मी त्याच्या मागं गेले, दुसरं काय करणार. पायाला भिंगरी म्हंतात ना, ती त्याला जन्मापासूनची, आन् त्याची मला लागली. माझ्या भावांना नाय लागली, मलाच लागली.

तुमी इचारलंत माशाचं, तिथंच येते, पण घोड्याबिगर तो मासा सांगता येत नाय. बा खरारा करायचा तवा शेपटीचे केस फणीला यायचे. ते टाकायचे नायत. धुवायचे, उन्हात वाळवायचे, मांडीवर पीळ देत देत त्याचा मासे धरायच्या गळाला बारीक दोर वळायचा. तेव्हा आजच्यासारखा नायलॉनचा तंगूस कुठं व्हता, लोकं अंबाडीचा दोरा लावायची, तो पाण्यात फुगतो, माशाला दिसतो. घोड्याच्या केसाचा दोर पाण्यात पडला की पडला, दिसतच नाय. फक्त एक ध्यानात ठेवायचं, केस नराचा घ्यायचा. घोडीचा केस तिच्याच मुताखाली रोज भिजतो, आतनं सडतो, वरनं लकलक दिसला तरी वजन आलं की तुटतो. हे बानं मला मी एवढीशी असताना शिकवलं, आन् ते मी कशाला सांगते ते पुढं कळंल तुमाला.

आन् खोटा मासा. तो बानं पाव्हण्याच्या पेटीत बघितला. कुणी साहेब आलावता, त्याला घोड्यावर बसवून बा नदीला घेऊन गेला, आन् त्या साहेबानं पेटी उघडली तर आत पत्र्याचे, पिसांचे, रंगीत मासे. गांडूळ नाय, कणीक नाय, खोटाच मासा पाण्यात नाचवायचा आन् खरा मासा धरायचा. बा दिवसभर घोडा धरून उभा ऱ्हायला आन् बघत ऱ्हायला. घरी आला तो जेवला नाय, पांगाऱ्याचं लाकूड घेऊन कोरत बसला. पांगारा हलका, मऊ, पोरांची खेळणी करतात त्याची. त्याचा बोटाएवढा मासा कोरला, जुन्या लगामाचं पितळ ठोकून पोटाला बसवलं, कोंबड्याच्या मानेची पिसं शेपटीला बांधली, आन् डोळ्याला काय, तर गुंज. लाल गुंज, वर काळा ठिपका, लाखेनं चिकटवली. भिंतीला टांगला तर आय म्हणाली, हा तर माझ्याकडंच बघतोय. मला तवा वाटलं का हा आता हलणार, भिंतीवरनं उडी मारणार, मला झोप नाय लागली.

मंग संस्थान विलीन झालं. आमाला काय कळलं त्यातलं? लोकांनी साखर वाटली, झेंडा लावला, पोरं ओरडत गेली बाजारातनं. बा म्हणाला, झालं असंल काय तरी, पण घोड्यांना संध्याकाळची चंदी कोण देणार, आन् तो पागेत गेला. त्या दिवशी काय बदललं नाय. बदललं ते हळूहळू. एकेक घोडा जायला लागला. कुठली कुठली माणसं यायची, दात बघायची, खूर उचलायची, घेऊन जायची. बा रिकाम्या ठाणासमोर येरझाऱ्या घालायचा, घोडा नाय तरी तिथलं गवत झाडायचा.

एक चांदणी म्हणून घोडी व्हती, पांढरी, तिला बानं शिंगरू असल्यापासनं वाढवलेली. ती नाशिककडं कुणी नेली म्हणतात. न्यायच्या दिवशी बानं तिला खरारा केला, शेपूट विंचरली, आन् जेवढे केस फणीत आले तेवढे बांबूच्या नळ्यात भरून ठेवले. त्याला ठावं व्हतं, घोडीचा केस, काय कामाचा नाय. तरी ठेवले.

पागेवर एक म्हातारा जमादार व्हता, भला माणूस. तो बाला म्हणाला, लखमा, जा आता घरी, गरज पडली की बोलावणं धाडू. बाई, त्यानं माणुसकीनं सांगितलं. रडणाऱ्या माणसाला काय तरी बोलायचं म्हणून सांगितलं. पण आमच्या लोकांना संस्थानचं बोलावणं म्हंजे हुकूम. बोलावल्यावर जो घरी सापडला नाय त्याचं काम गेलं, ही रीत बाच्या हाडात मुरलेली. तो ते बोलणं पदरात बांधून सूर्यमाळला आला, आन् बसला वाट बघत. बसला कसला, उभाच ऱ्हायला.

आमच्या वाट्याची जागा व्हती, चुलत्यानं मोकळी करून दिली. बानं चार मेढी रोवल्या, वर पेंढा टाकला, झालं घर. भिंतींचा कूड घातला नाय. आय म्हणायची, अहो, कारवी तोडा, कूड घाला, शेणानं सारवते मी. तर म्हणायचा, कशाला, बोलावणं आलं तर सोडूनच जायचंय. पेरणीआधी राब भाजायची वेळ आली, सगळा पाडा डोंगरावर, आन् हा म्हणतो नागली पेरली आन् बोलावणं आलं तर कापणार कोण? मंग माझे भाऊ चुलत्याच्या नागलीत राबले. पावसाळ्यात चारी बाजूंनी पाणी आत, आमी मधोमध चुलीभवती कोंबड्यांसारखी गोळा व्हायचो. राग यायचा मला. अजून येतो. मध्येच उठून तो जव्हारला चालत जायचा, वाटेत मुक्काम करायचा, बोलावल्याबिगर आत शिरायची रीत नाय म्हणून पागा लांबूनच बघून यायचा. बोलावणं आलं का? नाय. मंग पुन्हा डोंगराच्या कडेला जाऊन उभा.

हात मात्र रिकामे नसायचे त्याचे. खोटे मासे करायचा, मी पिसं बांधायची. आमच्याकडं बायका ओढ्यात टोपलीनं मासे धरतात, गळाला हात लावत नायत, पण बाची नजर बारीक कामाला पुरेना, म्हणून मला शिकवलं. खोडाळ्याच्या बाजाराला नेले की लोकं मीठ, तांदूळ, कापड देऊन घेऊन जायची. पण बा असाच उचलून द्यायचा नाय कुणाला. इचारायचा, तुझं पाणी कसलं? गढूळ असंल तर पिवळी नायतर तांबडी पिसं, निवळ असंल तर पितळ नको, चहाच्या पुड्यातली चांदी लावायची, वाहतं असंल तर पोटात शिशाचा गोळा. प्रत्येकाला त्याच्या डोहाचा मासा. बाजारात हा माणूस मोठा दिसायचा मला, तिथं तो थाऱ्यावर असायचा, घरी आला की पुन्हा येरझाऱ्या.

तिथंच देवराम आला. खोडाळ्याच्या खाली वैतरणेवर त्यांची वस्ती. म्हणाला, आमच्या डोहात एक खडस मासळी हाय, माणसाच्या मांडीएवढी, ती काय खातच नाय. बानं मला सांगितलं, करून दे. मी केला, दिला. पुढल्या बाजाराला हा पुन्हा उभा, काय तर म्हणे खडकात अडकला, तुटला. दुसरा दिला. तो पण गेला. तिसऱ्यांदा आला तवा मी बोलले, अरे, मासा तोडतो का तूच पाण्यात टाकून येतोस? तर हसला नुसता. मंग मला कळलं. आन् मंग मलापण बाजाराचा दिवस कदी येतो असं व्हायला लागलं, तुमी लिहा बिनधास्त, आता काय लाजायचं.

त्याचा चुलता आला घरी, मागणी घालायला. आला आन् उभाच ऱ्हायला, टेकायला कूडच नाय तर बसणार कुठं? बोलला चांगलं. म्हणाला, आमाला काय नको, पोरगी कामाची हाय, पण लखमादादा, मांडव कुठं घालायचा? आमच्यात नवरीच्या दारापुढं मांडव पडतो, उंबराची फांदी दारात लागते, आन् तुमाला दारच नाय. होळी झाली का घर उभं करा, आमी येतो. नायतर पोराला दुसरीकडं बघतो. बा म्हणाला, बोलावणं येऊ द्या, पोरीचं लग्न जव्हारात करीन, पागेसमोर. चुलता माझ्या आयकडं बघत ऱ्हायला. आय खाली बघत ऱ्हायली.

होळी झाली. बानं काडी हलवली नाय. हातात पीस धरलं तर गाठ बसंना. भाऊ म्हणाले आमी घालतो कूड, तर बा कोयता घेऊन आडवा, माझ्या घराला हात लावायचा नाय. आन् निघाला पुन्हा जव्हारला. मी म्हटलं, बा, ह्या वेळी नको जाऊस. तो गेला.

आला तो बोलेना. जेवेना. आयनं खोदून खोदून इचारलं तवा एवढंच बोलला, ह्या खेपेला दारापर्यंत गेलो, पागेत कुणाचा तरी भाताचा पेंढा भरलाय, कुलूप हाय, आन् तिथल्या माणसानं मला इचारलं, कोण रे तू? जमादार मरून दोन पावसाळे झाले, तेही त्याला तिथंच कळलं. त्यानंतर तो घराभवती फिरत ऱ्हायला, फिरत ऱ्हायला, मला वाटलं हा आता जमिनीला खड्डा पाडतो.

सकाळी उठले तर बानं आढ्याला खोचलेला बांबूचा नळा खाली काढलेला. चांदणीचे केस मांडीवर घेऊन दोर वळत बसलेला. नराचा केस तवा संपलावता, पण म्हणून काय घोडीचा? मी म्हटलं, बा, घोडीचा केस हाय, तुटंल.

चांदणी नाय तुटायची, म्हणाला.

ज्यानं मला शिकवलं तोच असं बोलतो. त्यानं सगळ्यात चांगला मासा काढला, नव्या गुंजेचे डोळे लावले, मला म्हणाला, चल, देवरामचा डोह दाखव. आमी गेलो, उन्हाचे दिवस, नदी आटून नुसते डोह ऱ्हायलेले. देवराम शेतातनं धावत आला, त्याला काय ठाव नाय, तो आपला खूष. बानं मासा टाकला, ओढला, नाचवला, पुन्हा टाकला. आन् पाणी फुटलं, बाई. एकदम फुटलं. खडसच व्हती, तिची पाठ मी बघितली, पिवळी.

दुसऱ्या कुठल्या माशाला बा दोर सोडत सोडत दमवायचा. तिला त्यानं सोडलं नाय. दोर मुठीत घेऊन ती जाईल तिकडं काठानं चालायला लागला, आन् तोंडानं हळूहळू, हो बाय, हो, हो, असं. घोड्याला पाण्यावर नेताना करायचा ना, तसं. देवराम ओरडला, मामा, ढील द्या. बाला ऐकूच गेलं नाय. मला वाटलं धरील, खरंच धरील, मी देवाला हात जोडले. आन् तुटला. आवाजपण नाय झाला. बाच्या मुठीत हातभर पांढरा केस, बाकी सगळं गेलं, गुंजेचे डोळे घेऊन ती खाली गेली.

बा उभा ऱ्हायला. मुठीतला केस त्यानं पाण्यात सोडला, वाहत गेला तो बघितला. मंग वळला आन् चालायला लागला, आमी दोघं मागनं. डोंगराची वाट लागली, दोन्ही बाजूंना कारवी. मधेच तो थांबला. मला वाटलं दमला. त्यानं कमरेचा कोयता काढला आन् कारवी तोडायला लागला. एक, दोन, दहा, वेड्यासारखा तोडत ऱ्हायला. देवराम बघतच ऱ्हायला, तर बा त्याच्यावरच खेकसला.

बघतोस काय जावई, मोळी बांध.

मी तिथंच वाटेवर बसले आन् रडले. जावई म्हणाला ना तो.

आठ दिवसांत कूड उभा, आयनं सारवला, त्यावर लग्नाचे चौक काढले, उंबराची फांदी दारात लागली. लग्न लागलं. खोडाळ्याखाली देवरामच्या वस्तीवर आले. मंग वैतरणेवर मुंबईच्या पाण्याचं धरण बांधायला घेतलं, देवराम तिथं दगडाला जायचा, मी घरात पिसं बांधायची. बा पुन्हा कदी जव्हारला गेला नाय. नागली पेरली, राब भाजला, घोड्याचं नाव काढलं नाय. पण एक केलं त्यानं, त्या घराला दार ठेवलं, कवाड लावलं नाय. कुत्रं शिरायचं, पाऊस शिरायचा, आय बडबडायची, तरी मरेस्तवर लावलं नाय. मी इचारलं नाय कदी. तुमी असता तर इचारलं असतंत?

आता पोरानं शिमिटचं घर बांधलंय, लोखंडी दार हाय, कडीकोयंडा हाय. देवराम गेला. दिसत नाय मला धड, पण गाठ बोटांना दिसते. तंगूस लावते, गुंजा अजून डोंगरावर मिळतात, ही नातवंडं आणून देतात, आन् म्हंतात, आजी, एका जागी बस ना. बसते कुठली. दिवस उगवला की आधी ते दार उघडते, सताड, आन् मंग कामाला लागते. सूनबाय म्हणते धूळ येते. येऊ दे.

हा घ्या, तुमच्यासाठी केला बोलता बोलता. मासे धरा नायतर भिंतीला लावा. बाई, तुमचं घर चारी कुडांनी उभं राहो, आन् जाताना दार लोटू नका, असंच राहू द्या.