कुंदाबाईची लाटी

हिलाल आबा: लिख, पोरी, लिख! तो सबद मन्हा शे. मीच काढेल शे. गावमा कोनलेबी इचार.

मयुरी: खरंच आबा? ‘कुंदाबाईची लाटी’ तुम्ही काढलीत?

हिलाल आबा: मंग! पोरेसना चेंडू हारपना, का म्हनतस, कुंदाबाईनी लाटी व्हयनी. सडकनं काम गायब व्हयनं, का सरपंचले तोंडवर म्हनतस, कुंदाबाईनी लाटी. तठे नरडाण्याना हाटेलमाबी आयकेल शे मीन. तठला मानूसले काय माहीत कोन कुंदाबाई आनि कोन हिलाल!

मयुरी: मलाही वाटायचं, ती गोष्टीतलीच कुणीतरी बाई. शाळेत माझी कंपासपेटी हरवली तेव्हा मी बाईंना हेच सांगितलं होतं.

बेबाबाई: तुन्हा च्या थंडा व्हई ऱ्हायना, मयुरी. दुसरं काही लिख ना. बिबड्यासनं लिख. कळण्यानी भाकरनं लिख.

मयुरी: ते सगळं झालंय, बेबा अक्का. एवढा एकच शब्द राहिलाय. सोमवारी आमच्या कॉलेजचं पुस्तक छापायला जातंय, आपल्या गावचे सत्तर शब्द आहेत त्यात. वाचून दाखवते, बरोबर आहे का सांगा. ‘कुंदाबाईची लाटी : पुन्हा न सापडणारी वस्तू. पापड लाटताना सोन्याची फुली चोरणाऱ्या कुंदाबाई नावाच्या बाईवरून.’

बेबाबाई: चोरनारी? असंच छापशात?

मयुरी: हो. गावात सगळ्यांनी असंच सांगितलं. का?

हिलाल आबा: बराबर शे. फक्त मन्हं नाव राही गयं. आयक. त्या साल आमना घर पापड व्हतात. पंधरा बाया आपापलं लाटनं लईसन येल. आनि हाई बसेल शे ना, मन्ही घरवाली, हिन्हा नाकनी फुली गयी! आखाजीना सनले करेल, नवी कोरी. हाई अशी बोंबलनी का गल्ली गोया व्हयनी. आते, कुंदाले उडीदना पीठनी कच्ची लाटी खावानी भारी हौस. तेलमा बुडाडे का टाके तोंडमा. मी पारवर बसेल, म्हनं, लाटीसंगे फुलीबी गिळी गयी व्हई ती! अरे, लोके पोट धरीसन हसनात. तवयपासून सबद चालू शे.

मयुरी: पण फुली त्यांनीच घेतली हे कशावरून?

हिलाल आबा: हिन्हा शेजारे तीच बसेल व्हती ना. तिन्हा पदर झटकी दखा, ओचा सोडी दखा. काही निंघनं नही. म्हनीसन ते म्हनं, गिळी गयी.

मयुरी: सगळ्या बायांसमोर ओचा सोडायला लावला? कुणी?

बेबाबाई: मीन.

मयुरी: अक्का…

बेबाबाई: ते खोडी टाक, मयुरी. चोरनारी लिखेल शे ते.

हिलाल आबा: काबर खोडी? चांगलं लिखेल शे.

बेबाबाई: तुम्ही जरासा चूप बसा. फुली सापडनी व्हती.

हिलाल आबा: कवय?

बेबाबाई: दिवाईले. चुल्हावर पापड भाजी ऱ्हायंतू. एक पापड फुलना आनि मझार काही चमकनं. नखवरी टोकरी दखं, ते फुली. पीठसंगे मुसळखाले कुटी-कुटीसन कागदसारखी चपटी व्हयेल. मन्हाच नाकमाईन पडेल, मन्हाच हातनी कुटेल. कुंदाना हातच लागेल नही तिले.

हिलाल आबा: आनि माले सांगं नही? चाळीस वरीस?

बेबाबाई: कोनता तोंडवरी सांगू? तवयलोंग तुम्हना सबद गावभर फिरी गयथा. सासू जित्ती व्हती. म्हनू, आज सांगसू, सकाय सांगसू. जितला दिन गयात तितली लाज वाढत गयी.

मयुरी: मग ती फुली?

बेबाबाई: देवीनी पेटीमा टाकी दिधी. देवीले बठ्ठं सांगं. कुंदाले नही सांगं.

मयुरी: आणि कुंदाबाई?

बेबाबाई: तिले मंग कोनीच पापडले बलावं नही. आपला दारमा एकटी लाटे. एकटी बाई कितलाक पापड लाटी? मी तठून जाऊ ते ती वर दखे नही, आनि मी तोंडवर पदर लेऊ. चोर म्हने गाव तिले, नि तोंड लपाडू मी.

हिलाल आबा: मी ते गंमतमा म्हनेल व्हतं वं…

बेबाबाई: हसनात ना बठ्ठा. मीबी हसनू. फुली सापडनी त्याना नंतरबी हसनू.

(हिलाल आबा टोपी काढून मांडीवर ठेवतात.)

हिलाल आबा: मयुरी, मन्हं नाव नको लिखू.

बेबाबाई: काबर? घडीभर पहिले ते छाती फुगाडीसन सांगी ऱ्हायंतात.

हिलाल आबा: लाज वाटस.

बेबाबाई: वाटू द्या. आजलोंग एकटीलेच वाटी ऱ्हायंती.

मयुरी: अक्का, मी तो शब्दच काढून टाकते. सत्तरचे एकोणसत्तर होतील, काही बिघडत नाही.

बेबाबाई: पुस्तकमाईन काढशी. पोरेसना तोंडमाईन कसा काढशी?

मयुरी: मग काय करू? आता त्या कुंदाबाई असत्या तर…

बेबाबाई: शे ना. भुसावळजोडे दीपनगरले शे. तिन्हा पोऱ्या योगराज तठे कामले लागना, तवयपासून तठेच ऱ्हास.

मयुरी: जिवंत आहेत? आणि मी दोन महिने वही घेऊन गावभर फिरतेय! थांबा, योगराजकाकांचा नंबर मिळवते. लगेच फोन लावू.

बेबाबाई: फोन नको. फोनवर तोंड दखावत नही, मानूस सवंगमा सुटी जास. अमळनेरथाईन भुसावळनी गाडी सकाये कितला वाजता शे?

मयुरी: सकाळी आहे एक. मी येते सोबत.

हिलाल आबा: मीबी येस.

बेबाबाई: या. पन तठे तोंड उघाडानं नही. पहिले मी बोलसू.

मयुरी: आणि शब्दापुढे काय लिहू, अक्का? सोमवारी द्यायचंय.

बेबाबाई: तिले इचारसूत. आजलोंग तिले कोनी काहीच इचारेल नही.